हिमपात, कोळसा आणि विद्यापीठनगर : केंब्रिजमधील १९४७ व १९६३ च्या हिवाळ्यांचा तुलनात्मक अभ्यास

१. प्रास्ताविक

मराठी भाषेत 'अवर्षण' आणि 'दुष्काळ' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पाऊस न पडणे ही निसर्गातील घटना, तर पाऊस न पडल्यामुळे माणसांवर ओढवणारी उपासमार, स्थलांतर आणि कर्जबाजारीपण ही समाजातील घटना होय. पहिलीतून दुसरी दर वेळी उद्भवतेच असे नाही. उद्भवली तरी तिची तीव्रता केवळ पावसाच्या तुटीवर अवलंबून नसते. धान्याचा साठा, वाहतूक, मजुरी, शासनाची तयारी आणि समाजातील विषमता यांवर ती ठरते. दुष्काळाच्या अभ्यासकांना हा भेद परिचित आहे. मात्र शीत प्रदेशांतील हिवाळ्याचा इतिहास लिहिताना त्याचा विसर पडतो. हिमपात झाला, तापमान उतरले आणि म्हणून देश ठप्प झाला, अशी सरळ कार्यकारणाची साखळी मांडली जाते.

ही साखळी तपासण्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिज या विद्यापीठनगराचे उदाहरण उपयुक्त ठरते. विसाव्या शतकात सोळा वर्षांच्या अंतराने या नगराने दोन अतिकठोर हिवाळे अनुभवले. पहिला १९४७ चा आणि दुसरा १९६२-६३ चा. तापमानाच्या नोंदींनुसार दुसरा हिवाळा पहिल्यापेक्षा निश्चितपणे अधिक थंड होता. तरीही राष्ट्रीय संकट म्हणून इतिहासात नोंद झाली ती प्रामुख्याने पहिल्याची. ही विसंगती कशामुळे निर्माण झाली, या प्रश्नाचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. थंडीची तीव्रता आणि संकटाची तीव्रता यांचे सरळ प्रमाण नसते. त्या दोहोंच्या मध्ये इंधनव्यवस्था, वाहतूक आणि सामाजिक रचना उभी असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

२. केंब्रिजचे स्थान आणि हवामान

केंब्रिज हे नगर लंडनच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर कॅम या लहान नदीच्या काठी वसलेले आहे. त्याच्या उत्तरेस 'फेन' या नावाने ओळखला जाणारा सखल, पूर्वी दलदलीचा असलेला आणि सतराव्या शतकापासून कालवे खोदून शेतीखाली आणलेला प्रदेश पसरला आहे. कॅम नदी या प्रदेशात ग्रेट ऊझ नदीला मिळते आणि ऊझ पुढे उत्तर समुद्राला जाते. पूर्वेकडून येणारे वारे अडविण्यासारखा डोंगर या भागात नाही. त्यामुळे युरोप खंडावरून थंड हवा वाहू लागली की तिचा पहिला स्पर्श इंग्लंडच्या या पूर्वभागाला होतो.

तथापि इंग्लंडचे हवामान सर्वसाधारणपणे सौम्य आहे. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे येथील हिवाळा दमट, ढगाळ आणि गोठणबिंदूच्या थोडा वर राहणारा असतो. रशिया किंवा स्कँडिनेव्हियाप्रमाणे प्रतिवर्षी महिनोन्महिने हिम साठून राहत नाही. म्हणूनच येथील घरे, नळ, रस्ते, रेल्वे यांची रचना दीर्घकालीन हिमाचा विचार करून झालेली नव्हती. एखाद्या समाजाला धोका असतो तो नेहमीच्या थंडीपेक्षा अनपेक्षित थंडीचा, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

हिवाळ्यांची तुलना करण्याचे मुख्य साधनही अंशतः केंब्रिजशी निगडित आहे. भूगोलतज्ज्ञ गॉर्डन मॅन्ली हे १९३९ ते १९४८ या काळात केंब्रिज विद्यापीठात अध्यापन करीत होते. जुन्या रोजनिशा, वेधशाळांची टिपणे आणि खासगी नोंदी यांची छाननी करून त्यांनी मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाची मालिका तयार केली. ही मालिका १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७४ मध्ये त्यांनी ती १६५९ पर्यंत मागे नेली. उपकरणांच्या साहाय्याने घेतलेल्या तापमाननोंदींची जगातील सर्वांत दीर्घ मालिका म्हणून ती ओळखली जाते. या मालिकेनुसार फेब्रुवारी १९४७ चे सरासरी तापमान उणे १.९ अंश सेल्सिअस होते आणि १६५९ पासूनचा तो सर्वांत थंड फेब्रुवारी ठरला. परंतु डिसेंबर ते फेब्रुवारी या संपूर्ण हिवाळ्याची सरासरी पाहिली असता १९४६-४७ साठी ती सुमारे १.१ अंश, तर १९६२-६३ साठी उणे ०.३ अंश येते. संपूर्ण मालिकेत १९६२-६३ पेक्षा थंड असे केवळ दोनच हिवाळे आढळतात : १६८३-८४ आणि १७३९-४०.

३. १९४७ : घटनाक्रम

जानेवारी १९४७ च्या मध्यापर्यंत हिवाळा साधारणच होता, किंबहुना काही दिवस उबदार होते. २० जानेवारीनंतर स्थिती पालटली. ब्रिटनच्या उत्तरेस उच्च दाबाचे क्षेत्र स्थिरावले आणि नेहमीच्या पश्चिमी वाऱ्यांची वाट अडली. पूर्वेकडून थंड हवेचा ओघ सुरू झाला. अटलांटिकवरून येणारी कमी दाबाची वादळे दक्षिणेच्या मार्गाने सरकू लागली आणि त्यांच्या उत्तर कडेला इंग्लंडवर हिम पडू लागले. २२ जानेवारी ते १७ मार्च या ५५ दिवसांत ब्रिटनमध्ये कोठे ना कोठे दररोज हिमपात झाला. लंडनजवळील क्यू येथील वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या काळात सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाही. २५ फेब्रुवारी रोजी केंब्रिजच्या नैऋत्येस असलेल्या बेडफर्डशायरमधील वोबर्न येथे तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरले.

वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाचे ढीग कित्येक ठिकाणी माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट झाले. रस्ते आणि लोहमार्ग बुजले. हिम उपसण्यासाठी सैनिकांबरोबर, युद्ध संपून दीड वर्ष उलटल्यावरही ब्रिटनमध्ये ठेवलेल्या जर्मन युद्धकैद्यांना कामाला लावण्यात आले. खेड्यांचा संपर्क तुटला. शेतातील कंदमुळे गोठलेल्या जमिनीतून उपटणे अशक्य झाले. डोंगराळ भागांत मेंढ्यांचे कळप हिमाखाली गाडले गेले.

केंब्रिज विद्यापीठाचे लेंट सत्र जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे आठ आठवडे चालते. हिमपाताचे ५५ दिवस या सत्राशी जवळजवळ तंतोतंत जुळून आले. विद्यापीठाच्या दृष्टीने पाहता एक संपूर्ण सत्र या हिवाळ्याने व्यापले.

४. कोळशाचा प्रश्न

थंडीचे रूपांतर संकटात झाले ते कोळशाच्या टंचाईमुळे. त्या काळी ब्रिटनची उष्णता, वीज, रेल्वे, गॅस आणि पोलाद या सर्वांचा आधार कोळसा हाच होता. स्वयंपाकासाठी व दिव्यांसाठी वापरला जाणारा गॅसदेखील कोळशापासूनच तयार होई. १९१३ मध्ये देशात सुमारे २८.७ कोटी टन कोळसा निघाला होता. १९४६ मध्ये हे उत्पादन सुमारे १९ कोटी टनांवर आले होते. युद्धकाळात खाणींमध्ये नवी यंत्रसामग्री बसविण्याचे काम मागे पडले होते आणि तरुण कामगार खाणीत उतरण्यास उत्सुक नव्हते. १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन त्या राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या ताब्यात आल्या. खाणकामगारांच्या अनेक पिढ्यांची मागणी त्या दिवशी पूर्ण झाली. परंतु नव्या मंडळाला पहिल्या महिन्यातच शतकातील सर्वांत कठीण परीक्षेला सामोरे जावे लागले.

मागणीची बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. घरगुती कोळशावर नियंत्रण असल्यामुळे लोकांनी विजेच्या शेगड्या विकत घेतल्या. कोळशाची बचत करण्यासाठी घेतलेली ही शेगडी अंतिमतः वीजकेंद्रात कोळसाच जाळीत होती. १९४६ च्या शरद ऋतूतच साठे अपुरे असल्याचे इशारे शासनातील अर्थतज्ज्ञांनी दिले होते. तथापि इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी टंचाईची शक्यता जाहीरपणे नाकारली. हिवाळ्याच्या तोंडावर वीजकेंद्रांकडील साठा काही आठवड्यांपुरताच होता.

हिमपात सुरू होताच उत्पादनापेक्षा वाहतुकीचा प्रश्न तीव्र झाला. खाणींच्या तोंडाशी काढलेला कोळसा ढिगांत गोठून गेला आणि भरलेल्या वाघिणी हिमात अडकल्या. ईशान्येकडील बंदरांतून लंडनच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरविणारी जहाजे वादळांमुळे व धुक्यामुळे बंदरातच थांबली. कोळसा होता, पण जेथे हवा तेथे नव्हता. ७ फेब्रुवारी रोजी शिनवेल यांनी संसदेत घोषणा केली की, १० फेब्रुवारीपासून लंडन व आग्नेय इंग्लंड, मिडलँड्स आणि वायव्य इंग्लंड येथील उद्योगांचा वीजपुरवठा बंद करण्यात येईल. घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत वीज वापरण्यास मनाई करण्यात आली. लवकरच घरगुती निर्बंध इतर भागांतही लागू झाले.

कारखाने बंद पडताच बेकारीचा आकडा अल्पावधीत सुमारे २० लाखांवर गेला. दूरदर्शनचे प्रक्षेपण थांबले. सप्टेंबर १९४६ मध्येच सुरू झालेला आणि विद्वानांच्या विशेष पसंतीस उतरलेला बीबीसीचा 'थर्ड प्रोग्रॅम' स्थगित करण्यात आला. साप्ताहिकांचे प्रकाशन दोन आठवड्यांसाठी बंद ठेवण्याचा आदेश निघाला. उद्योगांवरील निर्बंध मार्चच्या आरंभी उठले. शिनवेल यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंधन खाते सोडावे लागले आणि त्यांच्या जागी ह्यू गेट्स्केल आले.

५. विद्यापीठातील जीवन

युद्धोत्तर केंब्रिजची विद्यार्थिसंख्या युद्धपूर्व संख्येहून अधिक होती आणि तिची घडणही वेगळी होती. शाळेतून नुकत्याच आलेल्या अठरा वर्षांच्या मुलांबरोबर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश येथील रणभूमीवरून परतलेले प्रौढ विद्यार्थी शासकीय अनुदानावर शिकत होते. त्यांच्यापैकी अनेकांना शिक्षणाची हातची गेलेली वर्षे भरून काढायची होती. त्यांच्यासाठी वाया जाणारा प्रत्येक आठवडा मोलाचा होता.

महाविद्यालयांच्या इमारती बाह्यतः भव्य असल्या तरी हिवाळ्याच्या दृष्टीने गैरसोयीच्या होत्या. पंधराव्या-सोळाव्या शतकातील दगडी भिंती, उंच छत, सैल बसणाऱ्या खिडक्या आणि प्रत्येक खोलीत एकेक कोळशाची शेकोटी, अशी त्यांची रचना होती. स्नानगृहे बहुधा वेगळ्या इमारतीत असत आणि तेथे जाण्यासाठी उघडे चौक ओलांडावे लागत. युद्धकाळापासून कोळसा मोजून मिळत असल्याने शेकोटी दिवसातील मोजके तासच पेटविता येई. ऊब हवी असल्यास तिघाचौघांनी एका खोलीत बसून अभ्यास करणे, ओव्हरकोट घालून व्याख्यान ऐकणे हे नित्याचे झाले. दुपारी वीज बंद असे आणि फेब्रुवारीतील आकाश काळवंडलेले असल्याने दिवसाही वाचण्यापुरता उजेड मिळत नसे. भोजनाची स्थितीही बिकट होती. युद्धकाळात पाव कधीही शिधापत्रिकेवर आला नव्हता, पण जुलै १९४६ पासून तोही मोजून मिळू लागला होता.

तथापि ही थंडी सर्वांना सारखी भोगावी लागली असे म्हणता येत नाही. खोल्यांमध्ये कोळशाच्या बादल्या वाहून नेणारे, राख काढणारे आणि पहाटे शेकोटी पेटविणारे सेवक व 'बेडर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया नगरातील श्रमिक वस्त्यांतून येत. त्यांच्या स्वतःच्या घरातील शेकोटीचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या खोलीइतकाच किंवा अधिक कठीण होता. नगर आणि विद्यापीठ यांच्यातील जुने अंतर हिमामुळे मिटले नाही, ते केवळ अधिक स्पष्ट झाले.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळ्या अर्थाने बोलकी आहे. गर्टन व न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयांची स्थापना अनुक्रमे १८६९ व १८७१ मधील. गर्टन हे नगरमध्यापासून सुमारे चार किलोमीटर दूर असल्याने तेथील विद्यार्थिनींना हिमाच्छादित रस्त्यावरून रोज ये-जा करावी लागे. त्याच व्याख्यानकक्षांत बसून त्याच परीक्षा देणाऱ्या या विद्यार्थिनी १९४७ च्या त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या पूर्ण सदस्य नव्हत्या. त्यांना पूर्ण पदवी देण्याचा निर्णय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला आणि १९४८ मध्ये तो अमलात आला. समान कष्ट, समान अभ्यास आणि असमान अधिकार यांचे ते अखेरचे वर्ष होते.

६. हिम वितळल्यानंतरचा पूर

मार्चच्या आरंभी पुन्हा एक तीव्र हिमवादळ झाले. १० मार्चच्या सुमारास नैऋत्येकडून उबदार हवा आणि पाऊस एकदमच आला. जमीन खोलवर गोठलेली असल्याने पाणी मुरू शकले नाही. साठलेले हिम आणि नवा पाऊस हे दोन्ही एकाच वेळी नद्यांकडे धावले. टेम्स, सेव्हर्न, ट्रेंट आणि ग्रेट ऊझ या नद्यांच्या खोऱ्यांत मोठे पूर आले. कॅम नदीचे पाणी केंब्रिजमध्ये नदीकाठच्या कुरणांवर आणि सखल वस्त्यांत पसरले.

सर्वाधिक हानी फेन प्रदेशात झाली. कालवे खोदून कोरड्या केलेल्या या प्रदेशातील जमीन शतकानुशतके खचत गेली आहे. त्यामुळे नद्या भोवतालच्या शेतांपेक्षा उंच पातळीवरून, बांधांच्या आधाराने वाहतात. १६ मार्च रोजी सोसाट्याचा वारा सुटला. काठोकाठ भरलेल्या नद्यांत लाटा उसळल्या आणि बांध फुटले. रात्रंदिवस मातीच्या गोण्या रचणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत इंग्लंडमधील सर्वांत सुपीक जमिनींपैकी हजारो एकर पाण्याखाली गेल्या. अन्नधान्य मोजून मिळणाऱ्या देशाच्या दृष्टीने हा आघात गंभीर होता. बांधांची भगदाडे बुजविण्यासाठी सैन्याला पाचारण करावे लागले.

या पुरातून एक दीर्घकालीन उपाययोजना आकारास आली. ऊझ खोऱ्यातील पाणी बाजूने वळवून समुद्राकडे नेणाऱ्या नव्या कालव्यांची योजना १९५४ ते १९६४ या काळात पूर्ण करण्यात आली. अशा कालव्याची कल्पना सतराव्या शतकात डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मुयडेन याने मांडली होती. तीन शतके कागदावर राहिलेली ही कल्पना प्रत्यक्षात येण्यासाठी १९४७ ची आपत्ती घडावी लागली.

७. २० फेब्रुवारी १९४७ : योगायोग की कारण?

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या हिवाळ्यातील एक दिनांक विशेष महत्त्वाचा आहे. वीजटंचाई शिगेला पोहोचलेली असताना, २० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी जून १९४८ पूर्वी भारतात सत्तांतर करण्याचा निर्णय संसदेत जाहीर केला. लॉर्ड वेव्हेल यांच्या जागी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या नियुक्तीची घोषणाही त्याच दिवशी झाली. दोनच दिवस आधी पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपविण्याचे जाहीर झाले होते आणि दुसऱ्याच दिवशी ग्रीसला दिले जाणारे साहाय्य बंद होणार असल्याचे अमेरिकेला कळविण्यात आले.

या सान्निध्यावरून हिवाळ्यामुळे साम्राज्य सुटले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु कालक्रम त्यास पुष्टी देत नाही. माउंटबॅटन यांच्याकडे डिसेंबर १९४६ मध्येच, म्हणजे हिमपातापूर्वी, विचारणा झाली होती. भारतातील घडामोडींचा दबाव त्याहून जुना होता. फेब्रुवारी १९४६ मधील मुंबईच्या नौसैनिकांचे बंड, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी पेटलेले लोकमत, ऑगस्ट १९४६ नंतरचा जातीय हिंसाचार आणि प्रशासनाची ढासळती पकड ही कारणे इंग्लंडमधील हवामानावर अवलंबून नव्हती. हिवाळ्याने निर्णय घडविला नाही. ब्रिटनची आर्थिक क्षमता किती खालावली आहे, हे मात्र त्याने राज्यकर्त्यांना आणि जगाला स्पष्टपणे दाखविले. निमित्त आणि कारण यांतील हा भेद इतिहासलेखनात काटेकोरपणे पाळला जाणे आवश्यक आहे.

८. १९६२-६३ चा हिवाळा

२६ डिसेंबर १९६२ रोजी दक्षिण इंग्लंडमध्ये हिमपात सुरू झाला आणि २९-३० डिसेंबरला तीव्र हिमवादळ झाले. त्यानंतर अनेक भागांत मार्चच्या आरंभापर्यंत जमीन हिमाखालीच राहिली. जानेवारी १९६३ चे सरासरी तापमान उणे २.१ अंश होते. विसाव्या शतकात मध्य इंग्लंडच्या नोंदींत याहून थंड महिना आढळत नाही. नद्या गोठल्या. ऑक्सफर्ड येथे गोठलेल्या टेम्स नदीवरून मोटार चालविण्यात आली, तर केंट परगण्याच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणीही गोठले. ६ मार्च रोजी त्या वर्षातील पहिली हिमतुषाररहित सकाळ उगवली.

या हिवाळ्यात केंब्रिजमध्ये वास्तव्य असलेल्यांमध्ये मराठी वाचकांना सुपरिचित असे नाव आहे ते जयंत नारळीकर यांचे. १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले नारळीकर या वेळी फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधनाच्या अंतिम टप्प्यात होते आणि १९६३ मध्येच त्यांना पीएच.डी. मिळाली. स्टीफन हॉकिंग हे ऑक्टोबर १९६२ मध्ये संशोधक विद्यार्थी म्हणून केंब्रिजमध्ये दाखल झाले होते. नाताळच्या सुटीत सेंट ऑल्बन्स येथील गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करताना ते पडले आणि त्यांना उठता येईना. त्यानंतर झालेल्या तपासण्यांतून त्यांच्या दुर्धर विकाराचे निदान झाले. विज्ञानाच्या इतिहासात या हिवाळ्याची एवढी नोंद अवश्य राहील. नारळीकरांचे संशोधन पूर्ण झाले आणि हॉकिंग यांचे नुकतेच सुरू झाले होते. विद्यापीठाचे काम मात्र त्या थंडीतही चालू राहिले.

स्केटिंगचा उल्लेख येथे केवळ करमणूक म्हणून घेता येणार नाही. फेन प्रदेशात हिवाळ्यात कुरणांवर पाणी साचते आणि ते गोठले की शर्यतींसाठी विस्तीर्ण मैदान तयार होते. राष्ट्रीय स्केटिंग संघटनेची स्थापना १८७९ मध्ये केंब्रिजमध्येच झाली. परंतु या शर्यतींचे मूळ शेतमजुरांच्या जीवनात होते. जमीन गोठली की मजुरी बंद होई. अशा बेकार मजुरांसाठी एकोणिसाव्या शतकात मांस, पीठ किंवा रोख रकमेची बक्षिसे ठेवून शर्यती भरविल्या जात. एकाच बर्फावर विद्यार्थ्याचा आनंद आणि मजुराची चूल या दोन्ही गोष्टी अवलंबून होत्या.

१९६३ मध्ये अडचणी नव्हत्या असे नाही. वीजपुरवठा अधूनमधून खंडित झाला, नळ फुटले, बांधकामे थांबली आणि फेब्रुवारीत बेकारांची संख्या आठ लाखांच्या पुढे गेली. वृद्ध आणि गरीब यांची परवड झाली. तरीही १९४७ प्रमाणे देशाच्या मोठ्या भागातील उद्योगांचा वीजपुरवठा शासकीय आदेशाने बंद करण्याची वेळ आली नाही. नियतकालिके बंद पडली नाहीत आणि अन्नाची टंचाई राष्ट्रीय प्रश्न झाली नाही.

९. तुलनात्मक विवेचन

दोन्ही हिवाळ्यांत थंड हवेच्या ओघाचे स्वरूप बरेचसे सारखे होते. तेव्हा परिणामांतील फरक अन्यत्र शोधावा लागतो. प्रथमतः, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोळशाची मागणी घटू लागल्याने १९६२ पर्यंत खाणींवर मोठे साठे शिल्लक होते. द्वितीयतः, रेल्वे, उद्योग आणि वीजकेंद्रे यांत खनिज तेलाचा वापर वाढला होता आणि एकाच इंधनावरील अवलंबित्व कमी झाले होते. तृतीयतः, १९४७ चा ब्रिटन युद्धाने थकलेला, कर्जबाजारी आणि शिध्यावर जगणारा होता. १९६३ चा ब्रिटन तुलनेने सुस्थितीत होता आणि शिधावाटप १९५४ मध्येच संपले होते.

या तुलनेला काही मर्यादाही आहेत. १९६२-६३ चा हिवाळा अधिक थंड असला तरी १९४७ चा अधिक हिमाचा होता आणि वाहतुकीला खरा अडथळा हिमाच्या ढिगांचा होतो. शिवाय १९६३ मध्ये हिम संथपणे वितळले, त्यामुळे १९४७ सारखा पूर आला नाही. नैसर्गिक परिस्थितीतील हे भेद नाकारता येत नाहीत. तथापि, कोळशाचा पुरेसा साठा हिवाळ्यापूर्वीच वीजकेंद्रांजवळ असता, तर १९४७ च्या हिमाने रस्ते अडविले असते, कारखाने नव्हे. म्हणजेच निसर्गाने प्रसंग निर्माण केला, पण त्याचे राष्ट्रीय संकट झाले ते पूर्वीच्या दुर्लक्षामुळे.

१०. समारोप

केंब्रिजच्या या दोन हिवाळ्यांवरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, आपत्तीचे मोजमाप केवळ तापमापकाने करता येत नाही. दुसरा, आपत्तीपूर्वीचे इशारे बहुधा उपलब्ध असतात आणि त्यांची दखल घेणे हा प्रशासकीय इच्छाशक्तीचा प्रश्न असतो. तिसरा, ज्ञानाचे केंद्र असलेले नगरही कोळशाच्या वाघिणीवर, बांध राखणाऱ्या मजुरावर आणि पहाटे शेकोटी पेटविणाऱ्या स्त्रीवर अवलंबून असते. विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरू, प्राध्यापक आणि शोध यांच्याबरोबर या घटकांनाही स्थान मिळावयास हवे.

केंब्रिजमध्येच शिकलेल्या आणि तेथेच काही काळ अध्यापन केलेल्या अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाविषयीच्या आपल्या ग्रंथात अन्नाची उपलब्धता आणि अन्नावरील हक्क यांत भेद केला. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या मार्गाने या भेदाचे व्यावहारिक महत्त्व अनुभवले होते. उष्ण प्रदेशातील अवर्षण आणि शीत प्रदेशातील हिमपात यांचा अभ्यास एकत्र करण्यास येथे वाव आहे. १९६३ नंतर मध्य इंग्लंडमध्ये तितका थंड हिवाळा आजवर नोंदला गेलेला नाही आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधील कोळशावर चालणारे अखेरचे वीजकेंद्रही बंद झाले. परंतु एका इंधनाची जागा दुसऱ्याने घेतली म्हणून अवलंबित्वाचा प्रश्न संपत नाही. २०२२ मध्ये नैसर्गिक वायूच्या दरवाढीने युरोपातील घरांना आणि विद्यापीठांना हे पुन्हा जाणवून दिले. हिवाळा निसर्ग आणतो, परंतु कोणाच्या घरातील शेकोटी विझावी हे समाजाची व्यवस्था ठरविते, हा या इतिहासाचा मुख्य बोध होय.